सौरऊर्जेत काम आहे, ते हाताला शिकवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की ओळखीचे पालक माझ्याकडे येतात आणि 'मुलाला सोलरमध्ये घातले तर स्कोप आहे का?' असे विचारतात. आयटीआयमध्ये वीजतंत्री हा व्यवसाय अनेक वर्षे शिकवून मी निवृत्त झालो आहे. या प्रश्नाला मी 'आहे' असेच उत्तर देतो. मात्र हे काम नेमके कोणते आणि त्यासाठी मुलाला काय यायला हवे, याची नीट माहिती पालकांना मिळत नाही, हे पाहून हे पत्र लिहीत आहे.

२०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगरजीवाश्म (कोळसा, तेल, वायू न जाळणारी) वीजक्षमता उभारण्याचे देशाचे उद्दिष्ट आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक कोटी घरांच्या छतांवर सौर संच बसवायचे असून तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी राज्याची सौर कृषी वाहिनी योजना आहे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात तर साखर कारखान्यांची बगॅसवरील (उसाच्या चिपाडावरील) सहवीजनिर्मिती सौरऊर्जेच्या आधीपासून चालू आहे. पण ती बरीचशी गळीत हंगामाशी बांधलेली असल्याने नव्या मुलांना बारमाही काम मिळण्याची शक्यता मला छतावरच अधिक दिसते.

गेल्या पावसाळ्यात एका परिचितांचा संच पाऊस आला की बंद पडायचा आणि उघडीप मिळाली की पुन्हा सुरू व्हायचा. इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र, इन्सुलेशनचा (तारेवरील विद्युतरोधक आवरणाचा) दोष दाखवत होता. गच्चीवर जाऊन पॅनेलखाली वाकून पाहिले, तर एका ठिकाणी कनेक्टरऐवजी दोन तारा नुसत्या पिळून त्यांवर काळी टेप गुंडाळलेली होती आणि तो जोड लोखंडी स्ट्रक्चरला टेकला होता. टेप उन्हाने सुटून आत पाणी गेले होते. ज्या मुलाने हे काम केले त्याला बोलावले. विशीतला, कामाला चपळ आणि प्रामाणिक मुलगा. तो म्हणाला, "सर, कनेक्टर कमी पडला, आणि क्रिंपिंगचा पाना आम्हाला दिलाच नव्हता." हा पाना कनेक्टर तारेवर दाबून घट्ट बसवतो. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासण्याचे यंत्र, तर त्याने कधी हातात धरला नव्हता. यात मी त्या मुलाला दोष देत नाही.

हा प्रकार किरकोळ नाही. सहा मोठे पॅनेल सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडले की भर उन्हात अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा, दाब तयार होतो. घरातल्या एसी विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत असल्याने ठिणगी विझायला वाव मिळतो, तसा डीसीमध्ये मिळत नाही. सैल जोडातील ठिणगी जळतच राहते. शिवाय मेन स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलकडची तार जिवंतच असते. घरगुती वायरिंगमध्ये मुरलेल्या माणसालासुद्धा हे वेगळे शिकावे लागते, मग पंधरा दिवसांच्या वर्गातून प्रमाणपत्र घेऊन आलेल्या मुलाची काय कथा! भरमसाट शुल्क घेऊन फळ्यावर आकृत्या काढून देणारे असे वर्ग पाहिले की मला मनापासून संताप येतो. केंद्र सरकारचा 'सूर्यमित्र' हा अभ्यासक्रम ६०० तासांचा आखला गेला, तो उगाच नव्हे.

कामाच्या अटींबद्दलही लिहिलेच पाहिजे. माझ्या माहितीतील अनेक मुले संचामागे ठरलेल्या रकमेवर काम करतात. पंचवीस-तीस किलोचे पॅनेल खांद्यावर घेऊन ती उतरत्या पत्र्यावर चढतात. सेफ्टी बेल्ट नाही, विमा नाही. संच बसला की काम संपले. वास्तविक सूर्यघर योजनेत संच बसवणाऱ्याने पाच वर्षे देखभाल करायची असते, आणि पॅनेल तर पंचवीस वर्षे टिकतील अशा हिशेबानेच घेतले जातात. ही देखभाल कागदावर न राहता खरोखर झाली, तर धूळ काढणे, जोड व अर्थिंग तपासणे, इन्व्हर्टर दुरुस्त करणे यांवर गावोगावी एखाद-दुसऱ्या मुलाचे घर चालू शकेल. त्यासाठी त्याला पुण्याला जावे लागणार नाही.

उद्यमनगरात पाहून पाहून हात बसलेल्या कारागिरांनी या शहराचे नाव इंजिन आणि ओतकामात देशभर नेले. तशी शिकण्याची सवय असलेल्या मुलांना आपण नुसते कागद देत आहोत. जिल्ह्यातील प्रत्येक आयटीआयच्या छतावर विद्यार्थ्यांनी स्वतः उतरवून पुन्हा बसवावा असा एक संच असावा आणि मेगर, तारेतील प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर, क्रिंपिंगचा पाना ही साधने प्रत्येकाच्या हाती पडावीत. अनुदानाची रक्कम सोडण्यापूर्वी संच कोणत्या प्रशिक्षित तंत्रज्ञाने बसवला याची नोंद घ्यावी आणि त्याच्या विम्याची पावती मागावी. संबंधित खात्यांनी याचा विचार करावा, ही विनंती. अशी सोय झाल्यास आठवड्यातून दोन दिवस विनामोबदला शिकवायला येण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, कोल्हापूर