शाल-श्रीफळ नको म्हणालात, म्हणून हे पत्र

प्रिय ग्रंथपाल ताई,
स. न. वि. वि.

वाचनालयात भरणाऱ्या आम्हा ज्येष्ठांच्या बुधवारच्या वर्गाला या महिन्यात वर्ष झालं. तुमचा सत्कार करायचा असं सगळ्यांनी ठरवलं, शालही आणून झाली होती. तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "काका, घरात अकरा शाली पडल्यात. सांगलीत थंडी पडते तरी किती?" दुकानदाराने शाल परत घेतली, तोंड वाकडं करून का होईना. पत्र काही तुम्हाला परत करता येणार नाही, म्हणून लिहितोय. चारचौघांसमोर लिहितोय, कारण वर्ग सुरू केल्याचं श्रेय गावात लोक मला देतात आणि ते ऐकून घ्यायची मला सवय लागत चालली आहे.

तेव्हा खरं काय घडलं ते सांगून टाकतो.

मी आयुष्यभर बँकेत काढलेला माणूस, फाईल हातात असल्याशिवाय मला काही सुचत नाही. तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हाही फाईल होती. लेटरहेडचा नमुना, घटनेचा मसुदा, १८६०च्या कायद्याप्रमाणे संस्था नोंदवायला लागतात तेवढी सात नावं, धर्मादाय कार्यालयात द्यायच्या कागदांची यादी, उद्घाटन, प्रमुख पाहुणे आणि वर्षभराची बारा व्याख्यानं. तुम्ही शेवटच्या पानापर्यंत वाचलंत (हे फार कमी लोक करतात) आणि विचारलंत, "यात तुम्ही सगळे काय करणार?"

मी म्हटलं, "ऐकणार."

"वर्षभर?"

मग तुम्ही परदेशातली गोष्ट सांगितलीत. फ्रान्समधल्या तूलूझ गावी १९७३ साली विद्यापीठाने निवृत्त लोकांसाठी वर्ग उघडले, त्याला 'तिसऱ्या वयाचं विद्यापीठ' म्हणतात. तिथे शिकवायला प्राध्यापक होते. ही कल्पना इंग्लंडात पोहोचली, १९८२ मध्ये केंब्रिजला तिची सुरुवात झाली, पण तिथल्या लोकांनी प्राध्यापकांची वाट न बघता एकमेकांनाच शिकवायचं ठरवलं. ज्याला जे येतं ते त्याने शिकवायचं आणि पुढच्या तासाला स्वतः विद्यार्थी होऊन बसायचं. परीक्षा नाही, पदवी नाही. एवढं सांगून तुम्ही देवघेवीची एक जुनी वही काढलीत, मागच्या कोऱ्या पानावर पट्टीने रेघ मारलीत आणि दोन रकाने केलेत. 'मला येतं' आणि 'मला शिकायचंय'. फाईल माझ्या हातात परत दिलीत. "नोंदणीचं सहा महिन्यांनी बघू. आधी वर्ग तर भरू दे."

आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, मी स्वतः एका संघाचा सभासद आहे. सहली, वाढदिवस, रक्तदाब तपासणी, सगळं मनापासून चालतं. पण तिथे आम्ही खुर्चीत बसून टाळ्या वाजवतो. त्या वहीने खुर्चीची दिशाच फिरवली.

जागेचं तुम्ही काय केलंत तेही इथे यायला हवं. एक सभागृह तासाला इतकं भाडं सांगून मोकळं झालं होतं की ते ऐकून आमच्यातल्या दोघांनी नाव मागे घेतलं. तुमचं सभागृह वरच्या मजल्यावर, आणि आमचे गुडघे तर तळमजल्यावरचे. तुम्ही बुधवारी दुपारपुरता खालचा बालविभाग आम्हाला दिलात. पहिल्या दिवशी त्या लाल-पिवळ्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही सहाजण, त्यातले दोघे पेपर वाचायला आलेले. खाली बसायला कुणाची हरकत नव्हती, उठताना मात्र एकमेकांचे हात धरावे लागले. पुढच्या बुधवारी मोठ्या खुर्च्या आल्या, त्याही गोलात मांडलेल्या, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्याला बोलणाऱ्याचं तोंड दिसावं. खडखडणारा पंखा बंद झाला. तीनची वेळ बदलून साडेचार झाली, कारण दुपारची झोप मोडून कुणी विद्वान होणार नाही हे तुम्हाला कळलं होतं. मला नव्हतं कळलं.

आणि 'निवृत्त' हा शब्द. माझ्या अर्जात 'निवृत्तीची तारीख' असा रकाना होता. एका वहिनींनी तो रिकामा ठेवला. मी बोट दाखवलं तर म्हणाल्या, "अहो, पहाटे पाचला उठून नातवाचा डबा करून आलेय. निवृत्त कुठली?" तुम्ही तिथल्या तिथे पेन घेऊन तो रकाना खोडलात, वर्गाच्या नावातूनही शब्द काढलात. पुढच्या महिन्यात बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त झाली.

पण 'मला येतं' या रकान्यात बहुतेक जणी 'काही नाही' लिहायच्या. तुम्ही प्रत्येकीच्या शेजारी जाऊन बसत होता. शहाऐंशी वर्षांच्या मावशींशी तर तुम्ही अर्धा तास गप्पा मारल्यात आणि उठताना त्यांच्या 'काही नाही'वर काट मारून लिहिलंत, 'मोडी'. शाळेत मोडी लिपी गिरवलेल्या शेवटच्या पिढीतल्या त्या. घरात सत्तर वर्षं कुणी विचारलं नव्हतं.

त्यांचा पहिला तास माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. फळ्यावर आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढली, मग अक्षरं त्या रेघेला दोरीवरच्या कपड्यांसारखी टांगत गेल्या, हात न उचलता. शब्दांमध्ये जागा नाही, पूर्णविराम नाही. "वेलांटी एकच आणि उकार एकच," असं त्यांनी सांगितल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "मग मोडी बंद का केली हो? शाळेत ऱ्हस्व-दीर्घाचा मार तरी वाचला असता!"

त्याच वर्गात आमच्या एका मित्राने बँकेच्या लॉकरमधून आजोबांचा कागद आणला. चाळीस वर्षं ती जमिनीची सनद म्हणून जपलेली. मावशींनी भिंग धरलं, ओठ हलले आणि त्या हसायला लागल्या. मामाच्या लग्नातल्या गुळाचा आणि नारळांचा हिशेब होता तो. मित्राचा चेहरा क्षणभर पडला, मग विचारतो, "नारळ किती होते?" आता तो दर बुधवारी पहिल्या खुर्चीत बसून मोडी गिरवतो.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या साहेबांचे तासही त्या वहीतूनच निघाले. पावसाळ्यात सांगलीत कुणीही कुणाला भेटलं की पहिला प्रश्न, "आयर्विनला किती फूट?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती चढलं. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, एवढं पोरालाही पाठ. पण धरणातून अमुक इतके क्युसेक सोडले म्हणजे काय, हे आमच्यातल्या एकालाही नीट सांगता येत नव्हतं. त्यांनी फळ्यावर भागाकार मांडला. सेकंदाला एक घनफूट म्हणजे एक क्युसेक. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे ११,५७४ क्युसेकने चोवीस तास पाणी सोडलं की एक टीएमसी खाली येतं. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी. आता बातम्यांतले आकडे ऐकताना वर्गातले लोक कागद-पेन्सिल घेऊन बसतात, आणि व्हॉट्सॲपवर 'धरण फुटलं'चा निरोप आला की सुनेला आधी हिशेब मांडून दाखवतात.

तो तास ज्या खोलीत झाला, तिच्या भिंतीवर २०१९च्या पुराची खूण आहे. आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा या खोलीत ते आमच्या डोक्यावर होतं. भिंतींना नंतर रंग दिला, पण तेवढी रेघ तुम्ही पुसू दिली नाहीत. साहेबांनी शेवटी त्या रेघेवर हात ठेवला आणि काही न बोलता खाली बसले. त्या दिवशी चहा गार झाला.

नोव्हेंबरमध्ये माझी पाळी आली. हयातीच्या दाखल्याच्या रांगा मी काउंटरच्या आतून वर्षानुवर्षं पाहिल्या, म्हातारी माणसं उन्हात तिष्ठताना पाहिली. आता मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला देता येतो, केंद्र सरकारच्या ऐंशीच्या पुढच्या पेन्शनरांना तर तो ऑक्टोबरपासूनच देता येतो. फोन 'डोळे मिचकावा' म्हणतो. आमचे एक गुरुजी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा न काढताच मिचकावत राहिले आणि फोन काही ऐकेना. "जिवंत आहे हे सिद्ध करायला सरकारला डोळा मारायचा?" असं ते म्हणाले, तेव्हा बाहेर काउंटरवर तुम्ही हसलेलं आत ऐकू आलं होतं, ताई.

बाहेर काउंटरवर. वर्षभर तुम्ही तिथेच होता. सत्काराचं भाषण लिहायला म्हणून मी ती वही पहिल्यापासून चाळली. सोळाव्या पानावर, सगळ्यांच्या खाली, तुमचं अक्षर सापडलं. 'मला येतं'पुढे काहीच नाही. 'मला शिकायचंय'पुढे 'मोडी', आणि कंसात 'बुधवारी ड्युटी'.

आम्ही एकालाही ते दिसलं नाही. बँकेतला माणूस असून मी रकाना तपासला नाही.

आता झालंय असं. वाचनालयाची सुट्टी सोमवारी. मावशींशी बोलणं झालंय, सोमवारी सकाळी दहाला त्यांच्या घरी तास. विद्यार्थी तुम्ही आणि गुळ-नारळवाले आमचे मित्र, त्यांची उजळणी होईल. बोरू मावशी देणार आहेत, दौत त्यांच्याकडे आहे. तुम्ही फक्त कोरी वही आणा, एकरेघीही नको. रेघ स्वतःच ओढायची असते म्हणतात.

आपला,
बुधवारच्या वर्गातला फाईलवाला काका