आई, हा सडवा नव्हे

फ्रायझिंग, बव्हेरिया
15 मे 2025

ती. आईस साष्टांग नमस्कार.

परवा दादाशी बोलत होतो तेव्हा मागून तुझा आवाज आला, "काहून रे बापा, तिकडं शिकाले गेला का दारू गायाले?" ग्रुपवर टाकलेला, बिअर शिजवायच्या गंजाचा फोटो मामाने तुला दाखवला असणार, आणि वर चार वाक्यं पदरची जोडली असणार. फोनवर सांगायला गेलो असतो तर दादाने हसून विषय उडवला असता. म्हणून सविस्तर लिहितो. छकुलीला वाचायला लाव, तिच्या विज्ञानाच्या पुस्तकातलंही थोडं यात आहे.

माझे घरमालक आजोबा 24 तारखेला पंच्याहत्तर पूर्ण करतात. दर वाढदिवसाला स्वतः केलेली गव्हाची बिअर पाहुण्यांना द्यायची, हा त्यांचा रिवाज. तळघरात सगळं सामान आहे : मोठा स्टीलचा गंज, तांब्याच्या नळीचं वेटोळं, तारेच्या खिट्टीने बंद होणाऱ्या तपकिरी बाटल्या आणि कृती लिहिलेली जुनी वही. पण औंदा त्यांचे हात थरथरतात, भरलेला गंज उचलवत नाही. आजींनी या महिन्याच्या सुरुवातीला मला जिन्यात गाठलं आणि म्हणाल्या, तुझा अभ्यास धान्याचाच ना, मग एवढं करशील? दोन आठवडे उरले होते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या पोराने गव्हाला नाही कसं म्हणायचं, सांग.

तुझी पहिली शंका पोलिसांची असेल. आपल्या वर्धा जिल्ह्यात पन्नासेक वर्षांपासून दारूबंदी, तेव्हा ती येणारच. जर्मनीत घरच्या वापरापुरती बिअर करायला मुभा आहे. 2024 पासून वर्षाला 500 लिटरपर्यंत कर नाही, फक्त विकायची नाही. मी करतोय ती जेमतेम वीस लिटर.

दुसरी शंका जास्त खोल आहे, आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. तू आणि मंडळातल्या बायांनी नाल्याकाठचे सडव्याचे पिंप पालथे केलेत ते मी शाळकरी वयात पाहिलं आहे. तो वास अजून नाकात आहे. तिकडे मोहफुलं, गूळ, नवसागर घालून सडवतात, मग भट्टीवर चढवतात, आणि वाफ गार करून जे ठिबकतं ते विकतात. इथे भट्टी नाही, ठिबकवणं नाही. परवान्याशिवाय घरी दारू गाळायला इथेही बंदीच आहे. गव्हाचा काढा आंबतो आणि तसाच पितात, त्यात मद्य साधारण पाच टक्के. 2015 साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलमुळे. आंबवलेल्या धान्याच्या बिअरमध्ये तेवढं मिथेनॉल तयारच होत नाही, त्यामुळे विषाची काळजी करू नकोस. पाच टक्के म्हणजे दारू नव्हे, असं मात्र मी तुला सांगणार नाही. दारूच आहे. आणि मी चाखणार आहे, हेही आत्ताच लिहून टाकतो, म्हणजे मामाला कष्ट नकोत.

आता कृती. तू कुरडयांचा चीक काढतेस ना, त्याची ही लांबची बहीण समज. तू गहू तीन दिवस भिजवतेस, रोज पाणी बदलतेस, वाटून चीक गाळतेस. इथे गहू भिजवून त्याला मोड येऊ देतात आणि मग गरम हवेत वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात अशी द्रव्यं तयार होतात जी पिठाची साखर करू शकतात. तुझ्या चिकातलं पीठ पीठच राहतं, म्हणून त्याच्या कुरडया पडतात. इथे त्याच पिठाची साखर करायची आणि ती यीस्टला, म्हणजे साखरेचं मद्य आणि वायू करणाऱ्या बारीक जिवांना, खायला घालायची.

माल्ट मी तयार भरडलेलंच आणलं, त्यात माझे दिवस वाचले. अडीच किलो गव्हाचं आणि दोन किलो जवाचं. गव्हाची बिअर म्हणवून घ्यायला इथल्या नियमाने निम्मं तरी माल्ट गव्हाचं लागतं. मग सगळंच गव्हाचं का नाही? कारण गव्हाला टरफल नाही. नुसता गहू गरम पाण्यात घातला की खळ होते आणि पाणी निथळतच नाही. जवाची टरफलं तळाशी बसून गाळणीचं काम करतात.

शनिवारी पहाटे उठून गंज चढवला. इथे घाई चालत नाही, कारण प्रत्येक तापमानाला वेगळं काम होतं. 45 अंशांवर पंधरा मिनिटं ठेवलं की दाण्यातून एक आम्ल सुटतं, पुढे यीस्ट त्याचा लवंगेसारखा वास करतं. ही पायरी बरेच जण वेळ वाचवायला गाळतात, पण आजोबांच्या वहीत तिच्याखाली दोन रेघा आहेत, तेव्हा मी गाळली नाही. मग 63 अंशांवर पाऊण तास, 72 अंशांवर अर्धा तास. पिठाची साखर होते ती इथे. झाली की नाही हे बघायला चमचाभर काढा बशीत घेऊन त्यावर आयोडीनचा थेंब टाकायचा. पीठ उरलं असेल तर तो काळानिळा होतो. छकुली, तू शाळेत बटाट्यावर केलास तोच प्रयोग! माझा थेंब तांबूस पिवळाच राहिला तेव्हा 78 अंशांवर नेऊन गाळायला घेतलं.

चोथ्याचं काय केलं हे तू विचारशीलच. निम्मा खालच्या गल्लीतल्या शेतकऱ्याने गाईंना नेला. इथे दारूच्या कारखान्यांचाही चोथा गोठ्यातच जातो, आपल्याकडे सरकीची ढेप जाते तिथे. थोडा मी थालीपिठात घातला. बरा लागला, पण टरफलं दातांत अडकतात. तुला वाढणार नाही.

गाळलेला काढा तासभर उकळला. त्यात वीस-बावीस ग्रॅम हॉप्स. हे वेलीचं फूल, कडू, बिअर टिकवायला मदत करणारं. गव्हाच्या बिअरला ते फार थोडं लागतं. फ्रायझिंगच्या उत्तरेला हालरटाऊ नावाचा पट्टा आहे, हॉप्सची एवढी सलग लागवड जगात दुसरीकडे नाही. आपल्याकडे पऱ्हाटीचं वावर तसं तिकडे उंच खांब आणि तारा, आणि या महिन्यात मजूर वाकून वाकून कोवळे वेल तारेला वळवत असतात. इथेही मजूर बाहेरून आणावे लागतात, हे दादाला मुद्दाम सांग.

उकळलेला काढा तांब्याच्या वेटोळ्यातून थंड पाणी सोडून झपाट्याने निववला. ही घाई मात्र केलीच पाहिजे, कारण कोमट काढ्यावर हवेतले नको ते जंतू ताव मारतात. इथून पुढे काढ्याला लागेल ती प्रत्येक वस्तू निर्जंतुक करावी लागते. तुझं सोवळं बरं, असं म्हणायची पाळी आली.

यीस्ट मी पाकिटातलं घेतलं नाही. प्रयोगशाळेतल्या मित्राने एका बिअर कारखान्यातून बरणीभर जिवंत यीस्ट आणून दिलं. इथेच फ्रायझिंगला वाइहेनश्टेफान टेकडीवर 1040 पासूनचा वारसा सांगणारा बिअरचा कारखाना आहे आणि शेजारीच विद्यापीठाचं आवार, तेव्हा गावात यीस्टची वानवा नाही. ताजं यीस्ट भरपूर घातल्याने काढा रात्रीतूनच उसळायला लागला. रविवारी सकाळी झाकण उघडलं तर वर वीतभर फेस आणि खोलीभर केळ्याचा वास. केळं घातलेलं नाही हो. हे यीस्ट स्वतःच तो वास तयार करतं. वीस-एकवीस अंशांना केळं आणि लवंग दोन्ही नेमस्त येतात. फार ऊब मिळाली तर केळं वरचढ होतं, आणखी तापलं तर उग्र चवीचे मद्याचे प्रकार वाढतात. आपल्या गावात मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो, तिथे हे फ्रिजशिवाय व्हायचं नाही. कुरडया वाळवायला मात्र तुझंच ऊन पाहिजे.

दोन आठवड्यांत बिअर होईल अशी आशा मी धरली ती गव्हाच्या भरवशावर. इथली दुसरी पिवळी, पारदर्शक बिअर असते ती थंडीत कित्येक आठवडे मुरवावी लागते. गव्हाची बिअर गढूळच प्यायची असते, यीस्टसकट आणि ताजी. गाळायची नाही, निवळायची नाही. गंमत म्हणजे या साध्या पेयावर एके काळी राजाचा हक्क होता. 1516 साली बव्हेरियाच्या ड्यूकने फर्मान काढलं की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी याशिवाय काही घालायचं नाही. गव्हाची बिअर करायचा खास हक्क एका सरदार घराण्याकडे होता, तो 1602 साली राजघराण्याकडे आला आणि त्यांनी त्यावर चिक्कार कमावलं. लोकांना गहू भाकरीला ठेवा म्हणायचं आणि आपण त्याची बिअर विकायची, राज्यकर्ते सगळीकडचे सारखेच.

तर आज गुरुवार. फेस खाली बसला आहे. डेअरीत दुधात सोडतात त्या जातीची काचेची कांडी काढ्यात सोडून गोडवा मोजतो. सुरुवातीला साडेबारा होता, काल 3.4, आज 3.1. उद्याही 3.1 आला तर यीस्टचं काम संपलं, आणि बाटल्या भरायच्या. शनिवारीच फ्रिजमध्ये अडीच लिटर कच्चा काढा काढून ठेवला होता, तो बाटल्या भरताना मिसळायचा. बंद बाटलीत यीस्ट तेवढी साखर खातं आणि त्याचा वायू बिअरमध्ये मुरतो, फेस येतो तो त्याचाच. भरल्यावर आठवडाभर स्वयंपाकघराच्या उबेत आणि शेवटचा एक दिवस फ्रिजमध्ये. 24 तारीख बरोब्बर गाठता येते, पण एकही दिवस शिल्लक नाही.

मित्र म्हणतो, कालच भरून टाकायला हवं होतं, एक दिवस हाताशी राहिला असता. मी ऐकलं नाही. गव्हाच्या बिअरला वायू मुळातच जास्त लागतो, लिटरमागे सातेक ग्रॅम. आतली साखर संपायच्या आधी वर आणखी काढा घालून झाकण लावलं तर वायू गरजेपेक्षा जास्त होईल आणि बाटली फुटू शकेल. काच, पंच्याहत्तर वर्षांचे आजोबा आणि त्यांची नातवंडं, एवढं डोळ्यांसमोर आणलं की उत्तर मिळतं. माल्ट तयार आणणं, यीस्ट ताजं घालणं, इथे दिवस वाचवता येतात. यीस्टच्या ताटावरून घास ओढता येत नाही. कुरडयांचा गहू दोन दिवसांत काढू या का, असं वहिनीने विचारलं की तू तिच्याकडे ज्या नजरेने बघतेस, त्याच नजरेने मी मित्राकडे बघितलं.

उद्या कांडी आणखी खाली गेली तर? आजींना मी आधीच सांगून ठेवलं आहे. मग 24 तारखेला दुकानातून दोन क्रेट आणू आणि आजोबांची बिअर जूनमध्ये देऊ. त्यांना ते पटलं, आजोबांना अजून कळलेलं नाही. भरताना एक बाटली प्लास्टिकची ठेवणार आहे. ती दाबली की वायू किती झाला ते हाताला कळतं, काचेचं झाकण उघडावं लागत नाही.

आता तुझ्याकडचं. कालव्याला बोर धरणाचं पाणी शेवटपर्यंत मिळालं का? बन्सी गहू किती झाला, आणि घरापुरता ठेवून उरलेला दादाने विकला की अजून भाव बघत बसलाय? गुडघ्याचं औषध चालू ठेव, उन्हात वाळवणाजवळ बसून राहू नकोस, कावळ्यांना छकुली हाकलेल. वहिनीला नमस्कार, मामांना माझा खास नमस्कार आणि हे पत्र त्यांना पूर्ण वाचून दाखवायचं. ऑगस्टमध्ये इथला एक मुलगा नागपूरला येतोय. त्याच्याबरोबर औंदाच्या कुरडया पाठव, आजोबांना तळून द्यायच्या आहेत. न मोडता येतील अशा डब्यात भर, वरून कापडाचे बोळे घाल.

तुझा
धाकटा