मूळपेशींचा माग किती वर्षं घेणार?

संपादक महाशय, स. न.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) पाच रुग्णांवर झालेल्या जनुकोपचाराची, म्हणजे त्यांच्याच मूळपेशींत (रक्त बनवणाऱ्या पेशींत) चांगलं जनुक घालण्याच्या उपचाराची, बातमी आपल्या अंकात वाचली. आनंद झालाच, पण रक्तस्राव थांबले इथे बातमी संपली. मला पुढचंच जास्त महत्त्वाचं वाटतं.

धाकट्या भावाला प्रत्यारोपणासाठी मी मूळपेशी दिल्या. त्याच्या कायमेरिझमच्या रिपोर्टवर ‘दाता १०० टक्के’ आलं की घरात पेढे येतात. पण ती तपासणी एवढंच सांगते, की त्याचं रक्त माझ्या पेशींपासून बनतंय. बाग कोणाची ते कळलं. त्यातल्या किती पोफळी धरल्या आणि किती नुसत्याच उभ्या, म्हणजे माझ्या किती मूळपेशी खरंच रक्त बनवतायत, ते नाही.

तेही कळू शकतं. जनुकोपचारात विषाणूच्या मदतीने घातलेलं जनुक प्रत्येक मूळपेशीत वेगळ्या जागी बसतं आणि ती खूण तिच्या साऱ्या वंशात उतरते. रक्तातल्या या जागा वाचल्या की कोणाचा वंश किती वाढला ते दिसतं. पॅरिसमध्ये १९९९ पासून जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांना असा उपचार दिला. मुलं सुधारली, पण पुढे काहींना ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झाला. त्यातल्या बहुतेकांत घातलेलं जनुक एलएमओ२ या कर्करोगाला चालना देऊ शकणाऱ्या जनुकाजवळ बसलं होतं, हे असा माग काढल्यानेच उमगलं. वेल्लोरला वापरलेला विषाणू वेगळा, अधिक सुरक्षित मानला जाणारा. तरी माग सोडून चालणार नाही. अमेरिकेत अशा रुग्णांवर १५ वर्षं लक्ष ठेवायला सांगतात.

भावाच्या पेशींत अशी खूण नाही. तिथे डीएनएमध्ये वयाबरोबर आपोआप साचणारे बदल वाचतात. २०२४ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात दाता-रुग्ण भावंडांच्या १० जोड्या प्रत्यारोपणानंतर ९ ते ३१ वर्षांनी अशा तपासल्या. तरुण दात्यांच्या हजारो मूळपेशी रुजल्या होत्या, वयस्कांच्या खूपच कमी. मी दिल्या तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. माझ्या किती रुजल्या असतील, हा प्रश्न मनातून जात नाही.

इतकी खोल तपासणी सगळ्यांची व्हावी असं मी म्हणत नाही. पण साध्या कायमेरिझमला चमचाभर रक्त पुरतं आणि तेवढ्यासाठी भावाला मुंबई गाठावी लागते. काम बुडतं, मग तपासणी पुढे ढकलली जाते. रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात रक्त घेऊन ते कोकण रेल्वेने मुंबईला पाठवण्याची सोय आरोग्य खात्याने करावी. आणि जनुकोपचाराची पुढची बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी डॉक्टरांना जरूर विचारावं : या रुग्णांचा माग कोण घेणार, किती वर्षं, आणि गावी परतलेल्यांचं रक्त कुठे घेणार?

– एक वाचक, गुहागर