रिब्रीदरचं ट्रेनिंग घाईत उरकू नका

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मालवणला स्कुबा करून आलेली आमच्याकडची पोरं आता रिब्रीदरचे व्हिडिओ बघून लगेच शंभर मीटरच्या गोष्टी करायला लागलीत, म्हणून लिहितोय. साध्या सिलिंडरमधली हवा संपत आली की गेजवर दिसतं, श्वास ओढायला जड जातो, म्हणजे कळतं तरी. रिब्रीदरमध्ये आपण सोडलेलाच श्वास सोडा लाइमच्या डब्यातून फिरून परत येतो, कार्बन डायऑक्साइड तिथे शोषला जातो आणि कमी झालेला ऑक्सिजन मशीन भरतं, पण सेन्सर चुकला आणि ऑक्सिजन घसरला तर काही त्रास न जाणवता माणूस थेट बेशुद्ध पडतो! म्हणून ट्रेनिंगमध्ये सारखं हँडसेटकडे, म्हणजे ऑक्सिजनचे आकडे दाखवणाऱ्या स्क्रीनकडे बघायची, शंका आली की लगेच बेलआउटवर, म्हणजे सोबतच्या वेगळ्या सिलिंडरवर जायची सवय अंगात मुरवतात, आधी उथळ पाण्यात, मग ट्रायमिक्सवर, म्हणजे ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हेलियमच्या मिश्रणावर साधारण 60 मीटर, नंतर 100.

रिब्रीदरवर खूप खोल जाणारे डायव्हर डेव्ह शॉ केवढे अनुभवी. 8 जानेवारी 2005 ला दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्स होल या पाण्याने भरलेल्या खोल विवरात सुमारे 270 मीटरवर गेले, 1994 मध्ये तिथे दगावलेल्या एका तरुण डायव्हरचा मृतदेह वर आणायला. दोरी अडकली, धडपड वाढली, एवढ्या खोलीवर वायू इतका दाट होतो की धापा टाकूनही कार्बन डायऑक्साइड शरीराबाहेर पडत नाही, आणि त्यांचा तिथेच मृत्यू झाला.

पोरांनो, फी भरायच्या आधी इन्स्ट्रक्टरला सरळ विचारा, तुम्ही स्वतः याच मशीनवर, याच खोलीवर नियमित डायव्हिंग करता का?

– एक वाचक, सिंधुदुर्ग