ओटी भरतो, ओत बुजवतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस लागला की सांगलीकर चहाच्या आधी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचे, म्हणजे तिथल्या पाणीपातळीचे, फूट विचारतो. 40 फूट इशारा, 45 धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. 2019 साली पाणी 57 फुटांच्या वर गेले तेव्हा शामरावनगरातल्या माझ्या घरात पंख्यापर्यंत होते. 2021 साली पुन्हा आले.

पूर ओसरला की आपण कर्नाटकातल्या आलमट्टी धरणावर घसरतो. धरणाची उंची वाढवायला विरोध जरूर करू. पण पुराची कारणे तपासणाऱ्या वडनेरे समितीने 2020 च्या अहवालात 2019 च्या पुराचा दोष आलमट्टीला दिलेला नाही. आणि माझ्या घरामागचा ओत, म्हणजे पाणी ये-जा करायची नैसर्गिक वाट, काही कर्नाटकाने बुजवलेला नाही.

तो मी बुजवला. 1996 मध्ये दोन गुंठे घेतले, तेव्हा तिथे गुडघाभर लव्हाळा होता. शेजारच्या रानातले म्हातारबा म्हणाले, "मास्तर, हितं घर बांधू नगा. ही पाण्याची वाट हाय." मी अठरा ट्रॉल्या मुरूम टाकला. भूगोल शिकवणारा माणूस मी! नदी चढली की पाणी ओतांतून मागे पसरते आणि त्याच वाटेने परत जाते, हे फळ्यावर चित्र काढून सांगायचो. पुढे 2001 च्या कायद्याने गुंठेवारी, म्हणजे असे गुंठ्यागुंठ्याने विकलेले विनापरवाना प्लॉट, नियमित झाली. पाण्याला मात्र तो आदेश पोचलेला दिसत नाही. आता साध्या वळवाचे पाणीही आठ-आठ दिवस दारात उभे असते.

माझे आजोळ हरिपूरचे. तिथे हळदीची पेवे, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारे, खणताना माती पारखून घेत. त्या जाणत्यांच्या पेवांतही 2005 च्या पुराचे पाणी शिरले. मग माझ्या मुरमाची काय कथा?

नवे पाणी आले की आमच्या घरून कृष्णामाईची ओटी भरतात. खण-नारळ घेऊन सौ.ला घाटावर मीच स्कूटरवरून नेतो. आईची ओटी भरायची आणि परतताना तिच्याच वाटेवरच्या घरात शिरायचे, याची गेली काही वर्षे लाज वाटते.

महापालिकेला विनंती, उरलेल्या ओतांची मोजणी करून हद्दीचे दगड रोवावेत आणि तिथे भराव टाकू देऊ नये. माझ्या परसातली सहा फुटांची पट्टी मी खणून मोकळी करून द्यायला तयार आहे. शेजारी हसतात. एकट्याच्या सहा फुटांनी ओत वाहत नाही, हे मलाही कळते. मोजणीला कधी येणार, तेवढे कळवावे.

– एक निवृत्त शिक्षक, शामरावनगर, सांगली