मॅटवरचा उजेड मोजा : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : तालुका व जिल्हा क्रीडा संकुलांच्या बंदिस्त सभागृहांतील प्रकाशव्यवस्था

महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेली अठरा वर्षं मी खेळांचे फोटो काढतो आहे. मोठ्या स्टेडियममध्ये क्वचितच जाणं होतं. माझं काम तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या स्पर्धांमधलं : शालेय कबड्डी, खो-खो, बॅडमिंटन, कुस्ती, मल्लखांब. हे पत्र मात्र एका फसलेल्या फोटोमुळे लिहितो आहे.

मागच्या हिवाळ्यात एका जिल्ह्याच्या संकुलात मुलींच्या कबड्डीचा उपांत्य सामना होता. शेवटची दोन मिनिटं उरली होती आणि एक संघ मागे होता. त्या संघातली एक बारीक चणीची मुलगी चढाईला गेली. उजव्या कोपऱ्यातल्या खेळाडूने तिच्या टाचेवर झेप घेतली, तेवढ्यात दोघींची साखळी पुढून आली. साखळीच्या हातांखालून तिने डुबकी मारली, अंग पूर्ण ताणलं आणि मध्यरेषेवर दोन बोटं टेकवली. एका चढाईत तीन गुण. मी मॅटच्या कडेला गुडघ्यावर बसलेलो होतो, माझ्या समोर चार हातांवर हे घडलं. नऊ फ्रेम मिळाल्या. त्यातल्या दोन पिवळसर, तीन निम्म्याहून काळ्या, दोन फ्रेममध्ये आडवा तपकिरी पट्टा, आणि उरलेल्यांत चेहऱ्याच्या जागी नुसते दाणे. बोटं रेषेला टेकली तो क्षण काळ्या फ्रेममध्ये अडकला.

सामना संपल्यावर तिचे वडील आले. घरी फ्रेम करून लावायला फोटो हवा होता. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "यातली आमची कुठली?"

त्या दिवशी मी सभागृहातला उजेड मोजला. छताला चोवीस दिवे होते, त्यातले नऊ बंद. मॅटच्या मधोमध १४० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक), कोपऱ्यात ९०. क्रीडागृहांच्या प्रकाशाचं जे युरोपीय मानक आहे, ते बहुतेक खेळांच्या मधल्या पातळीवरच्या स्पर्धांना ५०० आणि वरच्या पातळीला ७५० लक्स सांगतं. त्याच मानकात २०० लक्स हा अशा खेळांचा सर्वांत खालचा वर्ग, म्हणजे सराव आणि शाळेतलं खेळणं. आमची जिल्ह्याची उपांत्य फेरी त्याच्याही खालच्या उजेडात झाली, कोपऱ्यात तर निम्म्याहून कमी.

हे आकडे फोटोत कसे उतरतात ते सांगतो. चढाईपटूचा हात गोठवायला शटर जास्तीत जास्त १/५०० सेकंद उघडं राहायला हवं. एफ २.८ ची, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी, लेन्स पूर्ण उघडी ठेवली तर ५०० लक्समध्ये आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, २००० च्या आसपास ठेवून भागतं आणि चित्र स्वच्छ येतं. ९० लक्समध्ये तोच फोटो घ्यायला आयएसओ ११,००० च्या घरात न्यावा लागतो, आणि चित्रात दाणे येतात. ती लेन्स दोन लाखांच्या आसपास जाते, मी कर्जावर घेतली. गावाकडच्या फोटोग्राफरकडे, एखाद्या शिक्षकाकडे किंवा हौशी पालकाकडे असते ती कॅमेऱ्यासोबत आलेली झूम लेन्स, जी लांबच्या टोकाला एफ ५.६ वर थांबते, म्हणजे माझ्या लेन्सच्या चौथाई उजेड आत घेते. त्या माणसाने आयएसओ ६४०० लावला तरी शटर १/७५ च्या पुढे जात नाही, आणि धावणारी मुलगी म्हणजे एक रंगीत ओरखडा होतो. फ्लॅश मारायचा नाही. चढाईत असलेल्या पोरीच्या डोळ्यावर झोत टाकणं हा तिच्या खेळावर अन्याय आहे, आणि पंच अडवतात ते बरोबरच करतात.

पण उजेड कमी असणं हे निम्मंच दुखणं आहे. माझ्या फ्रेम एकीला एक का जुळत नाहीत, हा प्रश्न त्याहून अवघड. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे जुने मेटल हॅलाइड दिवे आणि स्वस्तातल्या ड्रायव्हरचे (ड्रायव्हर म्हणजे दिव्याला वीज पुरवणारा भाग) एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते कळत नाही. १/५०० च्या शटरला मात्र त्या एका मंद-प्रखर फेरीचा पाचवा हिस्साच दिसतो. कधी प्रखर भाग हाताला लागतो, कधी मंद, कधी दोन्हींचा पट्टा. नव्या कॅमेऱ्यांत यावर उपाय असतो, पण दिवा प्रखर होईपर्यंत शटर थांबवून धरलं जातं आणि डुबकी त्यासाठी थांबत नाही.

महोदय, या दुखण्यावर एक उपाय असा आहे की वायरिंग नव्याने होत असताना त्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. संकुलात थ्री-फेज जोडणी असतेच. शेजारशेजारचे दिवे आर, वाय आणि बी अशा तीन वेगळ्या फेजवर वाटून दिले, की एक मंद होतो तेव्हा दुसरा प्रखर असतो आणि मॅटवरचा उजेड बराच सलग होतो. जुने वायरमन हे जाणतात. मी पाहिलेल्या बहुतेक सभागृहांत मात्र अख्खी रांग एकाच फेजवर टाकलेली असते, कारण निविदेत कोणी तसं लिहिलेलंच नसतं.

आणि हो, मोजायचं कुठे, हेही ठरवायला हवं. लक्समीटर जमिनीवर आडवा ठेवला की आकडा चांगला येतो, कारण दिवे सरळ खाली पाहतात. खेळाडूचा चेहरा उभा असतो. कबड्डीत तर तो खाली झुकलेला असतो, डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो. छातीच्या उंचीवर मीटर उभा धरला तर बऱ्याच ठिकाणी निम्माही आकडा येत नाही. बॅडमिंटनची तऱ्हा आणखी वेगळी : दिवे कोर्टाच्या बरोबर डोक्यावर लावले की उंच शटलकडे पाहणारी मुलगी थेट दिव्यात पाहते. ते कोर्टाच्या दोन्ही बाजूंना, कोर्टाला समांतर हवेत. ज्याने हे दिवे लावले तो कधी रॅकेट घेऊन त्याखाली उभा राहिला नसावा.

नऊ दिवे बंद का होते, हेही विचारून आलो. छत दहा-अकरा मीटर उंच, तिथवर पोचायला शिडी नाही, परांची भाड्याने आणायला पैसे नाहीत. उरलेले पंधरासुद्धा उद्घाटनाला सगळे लागतात आणि पाहुणे गेले की वीजबिलाच्या धास्तीने निम्मे बंद होतात. मी तिथल्या शिपायाला दोष देत नाही. त्याच्या हातात बिल येतं, निधी येत नाही.

हा प्रश्न माझ्या धंद्याचा एवढाच असता तर आपल्याला लिहिलं नसतं. अंधाऱ्या सभागृहात पंचाला निसटता स्पर्श दिसत नाही. पोरांची निवड आता कितीदा तरी मोबाईलवर पाठवलेल्या क्लिपवरून होते, आणि काळ्या क्लिपमधला पदन्यास कोणाला दिसणार? जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. दिल्लीतल्या दिव्यांखाली त्यांचा एकेक सूर, खांबावर बाद केलेला एकेक गडी साऱ्या देशाने लख्ख पाहिला. तिथवर पोचायच्या वाटेवर असलेली शेकडो मुलं आज माझ्यासमोर खेळतात, आणि त्यांच्या खेळाचा पुरावा म्हणून माझ्याकडे दाणेदार काळे फोटो आहेत. त्यातली बरीच मुलं पुढे दहावीनंतर खेळ सोडतात. त्यांच्यासाठी तो एक फोटो हाच सगळा खेळ असतो.

माझी विनंती अशी. नवं सभागृह ताब्यात घेताना खेळाच्या जागेवर आडवा आणि उभा असा दोन्ही उजेड मोजला जावा आणि तो आकडा दारावरच्या पाटीवर लिहावा, म्हणजे पुढच्या वर्षी कोणीही पुन्हा मोजू शकेल. स्पर्धेसाठी ५०० लक्सची अट घालावी. निविदेत न लुकलुकणारे ड्रायव्हर आणि तीन फेजवर वाटलेले दिवे असा स्पष्ट उल्लेख असावा. दिव्यांपर्यंत पोचायला छताखालून मार्गिका द्यावी. आणि स्पर्धेच्या दिवसांचं वीजबिल संकुल समितीच्या गळ्यात न टाकता स्पर्धेच्या खर्चात धरावं.

आपण पुढच्या वेळी एखाद्या संकुलात गेलात तर एक करा. मोबाईलवर स्लो मोशन लावून छताच्या दिव्यांचा दहा सेकंद व्हिडिओ घ्या आणि तिथेच उभं राहून पाहा. दिवे लुकलुकताना दिसले, तर मी काय म्हणतो आहे ते आपल्याला त्या जागी कळेल. आपण बोलवाल तिथे मी मीटर आणि कॅमेरा घेऊन स्वखर्चाने येईन.

त्या मुलीचा संघ यंदाही उतरतो आहे, सामने त्याच सभागृहात आहेत. तोवर किमान ते नऊ दिवे लागावेत.

आपला विश्वासू,
एक क्रीडा छायाचित्रकार