त्या बिलाचा फोटो पाठव

आई,

व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं टाइप केलं की तू नुसता अंगठा पाठवतेस, म्हणून हे पत्रच.

काकीने तुला भलतंच सांगितलंय, मी धर्म सोडलेला नाही. झालं असं की इथे जर्मनीत, स्टुटगार्टला पत्त्याची नोंद करताना धर्माचा रकाना होता, मी कॅथलिक लिहिलं आणि पहिल्याच पगारात चर्चचा टॅक्स कापला गेला. घाबरू नकोस, पगाराच्या नाही, इन्कम टॅक्सच्या ८ टक्के. ऑफिसमधली पोरं म्हणाली जन्म-मृत्यू नोंदणीच्या ऑफिसात जा, सही कर, चर्चमधून नाव काढ, कापणं बंद. मी अपॉइंटमेंट घेतलीही होती, हे काकीला बोलू नकोस.

पण आधी रविवारी मिस्सानंतर इथल्या फादरना विचारलं, नाव काढलं तर बाप्तिस्मा पण जातो का. ते हसलेच. म्हणाले कम्युनियन मिळणार नाही, कुणाची गॉडमदर होता येणार नाही, पण बाप्तिस्मा कुठे जाणार, तो आत्म्यावरचा शिक्का, पुसतही नाही आणि परत मारताही येत नाही. संत ऑगस्टीन सैनिकाच्या अंगावरच्या खुणेचं उदाहरण द्यायचे म्हणे, पळून गेला तरी खूण तशीच. उद्या परत आले तरी डोक्यावर पुन्हा पाणी नाही.

मला एकदम आपला अल्बम आठवला. तलावपाळीच्या चर्चमधले माझ्या बाप्तिस्म्याचे फोटो, पांढरं झबलं, तेल, मेणबत्ती, सगळं आहे आणि पाणी घालतानाचा एकही नाही. मला वाटायचं पप्पांचा रोल संपला असेल! मग तू सांगितलंस, सातव्या महिन्यात झाले, काचेच्या आत कुणाला सोडत नव्हते, आजीने औषधांच्या बिलामागे बाप्तिस्म्याचे शब्द लिहून दिले आणि हॉस्पिटलच्या सिस्टरने चमच्याने तीनदा डोक्यावर पाणी सोडलं. सिस्टर हिंदू, म्हणून काकीचं अजून चालूच, "हिचा धड झालाय का?" तिला सांग, तेही विचारलं. जिवावर बेतलं असेल तर कुणीही देऊ शकतं, स्वतःचा बाप्तिस्मा न झालेलं माणूससुद्धा, फक्त पाणी हवं, शब्द बरोबर हवेत आणि चर्च जे करतं तेच करायचं मनात हवं. म्हणूनच आपल्या फादरनी नंतर राहिलेलं तेवढं केलं, पाणी परत घातलं नाही.

शब्दांचं मात्र कडक आहे हां. 'मी तुला बाप्तिस्मा देतो' ऐवजी 'आम्ही देतो' म्हटलं तर धरत नाहीत, व्हॅटिकनने २०२० मध्ये स्पष्टच सांगितलं. त्याच वर्षी अमेरिकेत एका फादरच्या लक्षात आलं की आपल्या बाप्तिस्म्याच्या जुन्या व्हिडिओत 'आम्ही' आहे, बिचाऱ्याला बाप्तिस्म्यापासून फादर होण्यापर्यंत सगळं नव्याने घ्यावं लागलं.

अपॉइंटमेंट मी कॅन्सल केली. दादाच्या बाळाची गॉडमदर व्हायचंय मला, ८ टक्के तर ८ टक्के.

तेवढा तो कागद शोध ना, तुझ्या कपाटात रोझरीच्या डबीत असेल. आजीने 'मी' लिहिलंय का 'आम्ही' बघायचंय. आणि बिलाची बाजू पण काढ फोटोत, किती झालं होतं बघू.

तुझी,
बाय